‘विमुक्त’मधला ‘वि’

प्रश्न असा आला आहे: विफल म्हणजे फळ नसलेलं, विमल म्हणजे मळ नसलेलं, मग ‘विमुक्त’ म्हणजे मुक्त नसलेला का? आणि ‘विमुक्त जाती’ सुटल्या तरी कशातून?

‘वि’ नामाला लागला की बहुधा नकार आणतो. पण इथे तो ‘मुच्’ धातूला लागलाय आणि विमोचन, विभक्त, विलग यांतल्यासारखा ‘वेगळं, सुटं’ असा अर्थ देतो. म्हणजे विमुक्त हा पुरता सुटलेला. व्याकरण एवढंच.

सुटका मात्र कायद्यातून झाली. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमात एकदा राजपत्रात अधिसूचित झाली की तिच्यात जन्मलेलं मूलही गुन्हेगार. हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवाना काढायचा, नाहीतर वसाहतीत राहायचं. सोलापुरात त्या वसाहतीच्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात, आणि तिथल्या पत्त्यांत ‘फ्री कॉलनी’ असंही लिहिलेलं दिसतं. दोन्ही शब्द शेजारी शेजारी!

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. इंग्रजीत या जमाती ‘डीनोटिफाइड’ झाल्या, म्हणजे यादीतून नाव कमी. शब्दशः करायचं तर ‘अनधिसूचित’ म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा विमुक्त कितीतरी सरस, कारण आधी कुणीतरी बांधून ठेवलं होतं हे तो शब्द विसरू देत नाही. (सरकारी कागदावर त्याचं ‘विजा’ होतं, तेव्हा मात्र ढगच आठवतात.)

आता ‘सराईत’ घ्या. मुळात हा कौतुकाचा शब्द, सराईत हात म्हणजे सवयीचा, तरबेज हात. वर्तमानपत्रांनी त्याला गुन्हेगाराशी असा जुंपला की आता तो एकटा फिरत नाही. जुना कायदा गेल्यावर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कागदावर ते एकेका माणसापुरते, जमातीपुरते नव्हेत. पण मध्य प्रदेशच्या तुरुंग नियमपुस्तिकेत विमुक्त जमातीतल्या कैद्याला सराईत धरायची मुभा होतीच. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवर बेतलेले असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला.

तेव्हा बातमीत ‘सराईत’ लिहिण्याआधी आधीचे गुन्हे कोर्टात सिद्ध झालेत का तेवढं पाहा. आणि ‘वि’ ऱ्हस्वच काढा. ‘वीमुक्त’ लिहिलेला एक फलक मी रोज जाता-येता वाचतो.