काचेच्या खोलीच्या छताला आतून अस्तर लावायच्या आधी

काचेच्या खोलीच्या छताला आतून अस्तर लावावं का, हा तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितेय. घराला जोडून काचेची खोली, वर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या प्लास्टिक शीटचं छत, उन्हाळ्याच्या दुपारी आत पाऊल ठेववत नाही, थंडीत हीटर लावूनही पाय गार ते गारच. आणि आता कारागीर म्हणतोय की छताला आतून फॉइल लावू, वर लाकडी पट्ट्या ठोकू, दोन दिवसांत काम. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. शब्दसुद्धा तेच होते, 'दोन दिवसांत काम'. त्या दोन दिवसांच्या कामात आमची तीन वर्षं गेली.

आधीच सांगते, मी इंजिनिअर नाही. जे लिहितेय ते आमच्या एका खोलीच्या अनुभवावरून आणि चूक निस्तरताना जे वाचलं, विचारलं त्यावरून. तुमच्याकडची हवा, ऊन येण्याची बाजू, सांगाडा हे सगळं वेगळं असू शकतं. फटी बुजवणं, जाड पडदे, गालिचा वगैरे तुमचं करून झालं असणार असं धरून चालते.

आमची खोली आईसाठी केली होती. तिचे गुडघे थंडीत धरतात, सकाळचं ऊन अंगावर घेत तिला बसता यावं एवढीच इच्छा. पहिल्या हिवाळ्यातच कळलं की ऊन असेपर्यंत खोली छान, ऊन सरलं की अर्ध्या तासात बाहेरच्यासारखी. मग तो कारागीर आला. छताच्या शीटखाली लाकडी रिपा ठोकल्या, त्यांवर बुडबुड्यांचं चंदेरी फॉइल ताणलं, खालून पाइनच्या पट्ट्या बसवल्या. कडेने सगळीकडे सिलिकॉन भरून अगदी हवाबंद केलं. दिसायला इतकं देखणं झालं की येणारा प्रत्येक जण मान वर करून बघायचा. पावसाचा ताडताड आवाजही निम्म्यावर आला. पहिलं वर्ष आम्ही खूष होतो.

दुसऱ्या थंडीत आई म्हणाली, "वरून काहीतरी पडतंय गं." तिच्या वहीच्या पानावर चहाच्या रंगाचा एक थेंब होता. छत गळतंय असं वाटून आम्ही वर चढून सांधे पुन्हा भरून घेतले. थेंब थांबेनात, आणि गंमत नव्हे पण खरं सांगते, पाऊस नसलेल्या निरभ्र, कडक थंडीच्या पहाटेच ते जास्त पडायचे. तिथेच आम्हाला कळायला हवं होतं. कळलं ते एक पट्टी उचकटली तेव्हा. पट्टीची खालची बाजू कोरडी, पॉलिश चकचकीत. वरची बाजू काळी, बोट लावलं तर बुळबुळीत. फॉइलच्या वर पाण्याचं तळं साचलेलं, रिपांमध्ये नख रुतत होतं, आणि ओल्या पोत्यासारखा वास सगळ्या खोलीत पसरला. त्या हवेत आम्ही आईला रोज सकाळी बसवत होतो. हे आजही आठवलं की पोटात कालवतं.

पाणी बाहेरून आलंच नव्हतं, ते आमचंच होतं. श्वासातलं, कुंड्यांमधलं, आत वाळत घातलेल्या कपड्यांतलं. हवा २० अंश सेल्सियस आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर साधारण १२ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. थंडीत छताची शीट त्याहून कितीतरी गार असते. निरभ्र रात्री ती उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहते, त्यामुळे बाहेरच्या हवेपेक्षाही गार होऊ शकते. अस्तर लावायच्या आधीही शीटवर दव धरायचंच, पण ते डोळ्यांना दिसायचं, पुसता यायचं, दुपारी वाळून जायचं. अस्तर लावल्यावर खोलीची ऊब शीटपर्यंत पोचेनाशी झाली, म्हणून शीट आणखी गार पडली. दमट हवा मात्र फॉइलच्या सांध्यांतून, पट्ट्यांच्या खाचांतून वर जातच राहिली. वर गेलेलं पाणी वाळायला वाटच नाही, कारण कडा आम्हीच हवाबंद केल्या होत्या. इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, जितकं चांगलं, तितकं त्यामागचं छत गार. हे एक वाक्य त्या कारागिराने किंवा आम्हाला सल्ला देणाऱ्या कुणीही सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

छताला आतून अस्तर करायचंच असेल तर खोलीच्या बाजूला, म्हणजे उबदार बाजूला, बाष्प अडवणारा अखंड पडदा हवा, प्रत्येक सांधा टेपने बंद केलेला. त्यावर इन्सुलेशन, आणि इन्सुलेशन व बाहेरची शीट यांच्यामध्ये निदान ५० मिमी मोकळी जागा, जिच्यात खालच्या कडेने हवा शिरेल आणि वरच्या कण्यापाशी, म्हणजे छताच्या सगळ्यात उंच कडेपाशी, बाहेर पडेल. पॉलिकार्बोनेटच्या बहुतेक छतांच्या सांगाड्यात एवढी जागा मिळतच नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, कुणाला पटो न पटो: जुन्या शीटखाली अस्तर करूच नका. एकतर छत आहे तसं ठेवून बाकीचे उपाय करा, नाहीतर छतच बदला. बदलायचं तर आधी सांगाडा वजन पेलेल का हे एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, विकणाऱ्याला नको. मूळ सांगाडा हलक्या शीटसाठी बनवलेला असतो.

आता परवानगीचं. आमच्याकडच्या बांधकाम परवानगीच्या कार्यालयात मी अस्तर लावायच्या आधी स्वतः गेले होते. खिडकीवरच्या गृहस्थांनी कागद न बघताच सांगितलं, "आतलं काम आहे, काही लागत नाही." मी समाधानाने घरी आले. दोन वर्षांनी सगळं उपसून नवीन छत घालायला निघालो तेव्हा त्याच कार्यालयातल्या दुसऱ्या टेबलाने विचारलं की आधीच्या कामाची नोंद कुठे आहे. छताचा प्रकार बदलला की खोलीचा प्रकार बदलतो, मग नियमही वेगळे, असं त्यांचं म्हणणं. पहिले साहेब काय म्हणाले ते सांगितलं, तर उत्तर आलं, "तोंडी सांगितलेलं आम्ही धरत नाही." पाच खेपा झाल्या. दर वेळी नवा माणूस, दर वेळी एक नवा कागद. तोवर पावसाळा आला आणि उघड्या छतावर ताडपत्री टाकून आम्ही एक अख्खा मोसम काढला. नियम असावेत, माझी त्याला हरकत नाही. पण विचारायला आलेल्या माणसाला एकदाच आणि बरोबर सांगा ना! असो. तुम्ही एवढंच करा: प्रश्न लेखी विचारा, छताचं साहित्य आणि वजन त्यात लिहा, आणि उत्तर लेखी येईपर्यंत कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की छताचं झालं की बाकी खोली 'साध्या खोलीसारखी' होईल असं कारागीर म्हणतो. नाही होणार. आमची खोली ४ बाय ३ मीटर, तीन बाजूंना काच. आत २० आणि बाहेर ० अंश धरून मी हिशेब केला. जुन्या पातळ शीटमधून, यू-व्हॅल्यू (आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते तो आकडा) साधारण ३ धरली तर, सातशे वॉटच्या आसपास उष्णता जात होती. तिन्ही बाजूंची काच सुमारे २० चौरस मीटर, जुनं डबल ग्लेझिंग, म्हणजे मध्ये पोकळी ठेवलेली दुहेरी काच, यू-व्हॅल्यू २.८. तिथून अकराशेच्या वर. म्हणजे थंडीतली मोठी गळती भिंतींतूनच होती आणि आम्ही वर बघत बसलो होतो. लो-ई लेप (उष्णता परत आत फेकणारा पातळ थर) असलेली आणि पोकळीत आर्गॉन वायू भरलेली नवी काच १.१ ते १.२ पर्यंत येते, म्हणजे गळती निम्म्याहून कमी. आम्ही सगळ्या काचा बदलल्या नाहीत. वाऱ्याच्या बाजूच्या तेवढ्या बदलल्या, फ्रेम तीच ठेवून, आणि फरक आईनेच पहिल्यांदा सांगितला: पाठीला गार लागेनासं झालं.

उन्हाळ्याचं गणित उलटं. भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला ८०० वॉट ऊन सहज पडतं. १२ चौरस मीटरच्या छतातून त्यातलं बरंचसं आत आलं की मोठे तीन-चार हीटर एकदम चालू केल्यासारखं होतं. इथे आतले पडदे फारसे कामाचे नाहीत, कारण ऊन काचेतून आत आलं की उष्णताही आत आली. सावली बाहेरून हवी. ही काही नवी अक्कल नाही. १८५१ साली लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा केला तेव्हा जोसेफ पॅक्स्टनने छतावर बाहेरून कापड घातलं होतं आणि भिंतींत उघडझाप होणाऱ्या झडपा ठेवल्या होत्या. आम्हीही तेच दोन केलं. वर सरकतं शेड नेट, शीटला न चिकटवता वीतभर अंतर ठेवून. आणि कण्याजवळ उघडणारी एक झडप, तिच्या समोरच्या बाजूला जमिनीलगत जाळीची खिडकी. गरम हवा वरून निघते, खालून गार हवा ओढली जाते, पंखासुद्धा लागत नाही. नुसत्या खिडक्या उघडून हे होत नाही, बाहेर पडायची वाट उंचावर हवी.

अजून दोन-तीन गोष्टी, सुचतील तशा. घर आणि ही खोली यांच्यामधलं दार काढू नका, कितीही मोकळं मोकळं वाटत असलं तरी. थंडीत उन्हाच्या वेळी ते उघडा, फुकटची ऊब घरात घ्या, ऊन उतरलं की लावून घ्या. काचेवर चिकटवायची उन्हाची फिल्म डबल ग्लेझिंगवर परस्पर लावू नका, काच असमान तापून तडकू शकते, आधी काचवाल्याला विचारा. फ्रेमच्या तळाशी पाणी निघायची बारीक भोकं असतात, फटी बुजवण्याच्या भरात ती बुजवू नका. ओले कपडे आत वाळत घालणं बंद करा, हे तर आजपासूनच. आणि हीटर बदलायचा असेल तर हवा तापवणाऱ्यापेक्षा थेट अंगाला ऊब देणारं पॅनेल बरं, थोडा वेळ बसण्यापुरतं ते पुरतं. रोज दिवसभर बसायचं असेल तर दोन्ही ऋतूंत चालणारा इन्व्हर्टर एसी परवडतो, पण तो सगळ्यात शेवटी. गळक्या खोलीत कितीही भारी यंत्र लावलं तरी ते बाहेरचं जग तापवतं.

सुरुवात मात्र मोजण्यापासून करा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं साधं यंत्र खोलीत आठवडाभर ठेवा, पहाटे, दुपारी आणि रात्री आकडे लिहा. पहाटे आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जात असेल तर छताला हात लावायच्या आधी हवा खेळती करायचा विचार करा. आणि कारागिराला एकच विचारा: अस्तराच्या वर गेलेली दमट हवा बाहेर कुठून पडणार? त्याने छताकडे बोट दाखवून जागा दाखवली तर पुढे बोला. "तिथे दमट हवा जाणारच नाही" असं म्हणाला तर नमस्कार करून दार लावून घ्या.

जमलं तर छताच्या कडेचा, जिथे शीट भिंतीला टेकते तिथला, एक जवळून काढलेला फोटो टाका. तिथे हवेला जागा आहे की नाही ते बघून सांगते.