गाय कोण आणि कुत्रा कोण, टिटवीला कळतं

तुम्ही विचारलंय की कावळा, कबुतर, कोकीळ ही सगळी मंडळी दिवसभर डोक्यात काय घोळवत असतील, कल्पना करून सांगा. माझी कल्पनाशक्ती बेताचीच. पण नागपुरात आमच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट आहे आणि उन्हाळ्यात कूलरची टाकी भरायला भर दुपारी मागच्या बाल्कनीत जावंच लागतं. तेवढ्या भांडवलावर लिहितो.

मागच्या मे महिन्यात त्या प्लॉटवर टिटवीनं चार अंडी घातली. घरटं म्हणजे नुसता खळगा, भोवती थोडे खडे. शेजारच्या काकू वैतागल्या, कारण रात्री टिटवी ओरडली की कोणीतरी जातं म्हणे. नवतपा सुरू होता, पारा ४५ च्या वर. दुपारी बघितलं तर टिटवी अंड्यांवर बसलेली नव्हती, उभी होती. चोच उघडी, पंख जरा सैल सोडलेले, सावली बरोबर अंड्यांवर. थोड्या वेळानं जोडीदार आला, पाळी बदलली. सुटी झालेली टिटवी तडक पलीकडच्या बांधकामावर गेली. तिथं स्लॅबला मारलेल्या पाण्याचं डबकं साचलं होतं. त्यात पोट बुडवून दोनदा हलली आणि परत येऊन तशीच ओली अंड्यांवर बसली. आपण खसची ताटी भिजवतो, त्यातलाच प्रकार.

कुत्रा आला की तीच टिटवी एक पंख जमिनीवर ओढत लंगडत दूर निघायची. कुत्रा मागे मागे प्लॉटच्या टोकापर्यंत गेला की भुर्रकन वर. पण गाय चरत आली तेव्हा लंगडणं वगैरे काही नाही. अंड्यांपाशी ठाम उभी राहून तिनं दोन्ही पंख गायीच्या तोंडासमोर फाडकन उघडले. गाय दचकून वळली. म्हणजे एकाला अंडी खायची आहेत आणि दुसरीचा नुसता पाय पडणार आहे, हा हिशेब तिच्यात कुठंतरी आहे. त्याला विचार म्हणायचं की उपजत सवय, यावर तज्ज्ञांनी खुशाल भांडावं. मला विचाराल तर त्या महिनाभर तिच्या डोक्यात दोनच गोष्टी असाव्यात : ऊन कुठवर आलं, आणि हा येणारा नक्की कोण.

कावळ्याचं निराळं. तो चेहरे जपतो. अमेरिकेत सिएटलला पक्ष्यांचे संशोधक जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून कोणीही निघालं की कावळे अंगावर ओरडत. काही वर्षांनी तर जे कधी पकडलेच गेले नव्हते, तेही ओरडू लागले.

मला यासाठी सिएटलला जावं लागलं नाही. जूनमध्ये रस्त्यावर पडलेलं कावळ्याचं पिल्लू मी उचलून भिंतीवर ठेवलं. उपकारच केला, पण कावळ्यांच्या दप्तरी माझी नोंद चोर म्हणून झाली. पुढचे तीन आठवडे फाटकातून निघालो की डोक्यावर टपली. माझा भाऊ त्याच स्कूटरवरून जायचा, त्याला काही नाही. हेल्मेट असलं की मलाही काही नाही. शेवटी मी गच्चीवर कपडे वाळत घालायलाही हेल्मेट घालून जाऊ लागलो. समोरच्या आजी म्हणाल्या, ‘काऊन रे बापा, डोक्शावर परिणाम झाला का?’

आणि हाच हुशार पक्षी कोकिळेचं पिल्लू स्वतःचं समजून भरवतो! माझा चेहरा लक्षात राहतो, घरातलं काळं पोर परकं आहे हे नाही कळत. कोकिळेची मादी तपकिरी, ठिपकेदार, झाडाच्या दाटीत गप्प बसून असते. गळा काढतो तो नर. ती मात्र बहुधा एवढंच मोजत असेल की कावळी उठणार कधी.

थोरल्या काकांच्या दहाव्याला कावळा शिवेना. तासभर सगळे पिंडाकडे टक लावून उभे. ‘पोरीचं लग्न आम्ही लावून देऊ’, ‘शेताचा वाद मिटवू’, एकेक कबुली सुरू. गुरुजी कंटाळून म्हणाले, सगळे शेडखाली जा आणि पाठ फिरवा. आम्ही वळलो आणि दोन मिनिटांत कावळा खाली. काकांची इच्छा काय होती देव जाणे, कावळ्याची मात्र एवढीच असावी : ही पन्नास माणसं माझ्याकडे बघायचं थांबवतील का?

कबुतराबद्दल थोडक्यात. १९४८ मध्ये स्किनर या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की ठरावीक वेळानं आपोआप दाणे पडत राहिले, तर ते पडताना कबुतर जे करत होतं, गिरकी म्हणा, मान हलवणं म्हणा, तेच ते पुन्हा पुन्हा करतं. जणू दाणे त्यामुळेच पडतात. टिटवीला अपशकुनी मानणाऱ्या शेजारच्या काकूंना हे सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

यंदा टिटवी आली नाही, प्लॉटवर पाया खणलाय. कावळा आहे. परवा हेल्मेट विसरलो होतो, बसली टपली.