जुनं एन-फ्रेम उघडण्याआधी

मॉडेल २८ रिव्हॉल्व्हर घेतलंस, छान केलंस. स्मिथ अँड वेसनने १९५४ साली हायवे पोलिसांसाठी काढलेलं हे एन-फ्रेमचं, म्हणजे मोठ्या सांगाड्याचं, थोराड .३५७ किंमत आवाक्यात राहावी म्हणून मुद्दाम मॅट ठेवलं होतं. त्याला आरसा करायला जाऊ नकोस. बफिंग व्हीलवर धरलंस की कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात.

हातात घेतलं की आधी सिलिंडर उघड. गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत ना ते डोळ्यांनी बघ, बोटाने चाचप. दर वेळी.

साइडप्लेट, म्हणजे फ्रेमच्या बाजूचं झाकण, पेचकसाने उचकटायची नाही, कड कायमची खराब होते. स्क्रू आणि ग्रिप काढ, मग मुठीच्या उघड्या फ्रेमवर हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक कर. हादऱ्याने प्लेट आपसूक वर येते. कागदावर रिव्हॉल्व्हरची आकृती काढून स्क्रू जागच्या जागी ठेव, दिसतात सारखे पण अदलाबदल चालत नाही. आणि पेचकसाचं पातं हॉलो-ग्राउंडच घे, म्हणजे खाचेत नीट बसेल असं खोलगट घासलेलं. घरातल्या पेचकसाने पिंजलेली माझ्या पहिल्या स्क्रूची खाच अजून मला वाकुल्या दाखवते.

गंजावर तेल, मग ब्राँझ वूल, हलक्या हाताने. निकेलच्या मुलाम्याला अमोनियावालं सॉल्व्हंट नको. ट्रिगर हलका करायला स्प्रिंग कापू नकोस, ते गनस्मिथचं काम. हौस अक्रोडाच्या ग्रिपवर भागव, तिथे चुकलास तर फक्त लाकूड वाया जाईल.

हो, तुझं ग्रीन कार्ड झालंय, पण रूममेट एच-१बीवर आहे ना? त्याच्या हाती देऊ नकोस, फेडरल कायद्यात ते सहसा बसत नाही.