पोटात गेलेली दुर्बीण

प्रश्न असा आहे: 'एका रुग्णालयाच्या माहितीपत्रकात एकाच पानावर दोन वाक्यं वाचली. "जठरातील गाठ दुर्बिणीतून काढली" आणि "मेंदूतील गाठ दुर्बिणीतून काढली". दुर्बीण तर लांबचं पाहायला असते. पोटात आणि डोक्यात तिचं काय काम? दोन्हीकडे यंत्र एकच का? शब्द चुकीचा असेल तर अंतर्दर्शी, अंतर्दर्शन असे शब्द आपण का वापरत नाही? आणि दुर्बिण, दुर्बीण, दुर्बिन यांतलं बरोबर काय?'

अंतर्दर्शनाचं आधी सांगतो, कारण त्याचं उत्तर माझं नाही, मामांचं आहे.

काही वर्षांपूर्वी मामांना भाकरीचा घास छातीत अडकायला लागला. तपासणीच्या दिवशी सहीसाठी जो कागद पुढे आला, त्यावर 'ऊर्ध्व पचनमार्गाचे अंतर्दर्शन' असं छापलेलं होतं. मामा जन्माचे वारकरी. त्यांनी चष्मा वर-खाली करून ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "मुखदर्शन माहीत आहे, पदस्पर्श माहीत आहे. हे अंतर्दर्शन कुठल्या रांगेत?" शेजारून जाणाऱ्या नर्सबाई हसल्या. "आजोबा, तोंडातून दुर्बीण घालून पोटात बघणार आहेत." "मग तसं लिहा की," म्हणत मामांनी सही ठोकली.

'अंतर्दर्शन' या शब्दात व्याकरणाची काही खोट नाही. फक्त मराठीत 'दर्शन' म्हटलं की देव नाहीतर थोर माणूस पुढे उभा राहतो, आणि त्याला 'अंतर्' जोडलं की ध्यान लावून बसलेला साधक दिसतो. तिथे सलाइन लावलेला पेशंट दिसत नाही. शिवाय या घराण्यातले बाकीचे शब्द आधीच दुसरीकडे नांदायला गेले आहेत. 'दूरदर्शन' टीव्हीने नेला, 'दूरदर्शी' माणसाचा गुण झाला. शाळेच्या प्रयोगशाळेत एकटा 'सूक्ष्मदर्शक' तेवढा टिकून आहे. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांना जो शब्द हवा होता तो त्यांनी केव्हाच निवडला: दुर्बीण. तीही आता यंत्रापुरती राहिलेली नाही. 'माझी सोनोग्राफी झाली' तसं 'माझी दुर्बीण झाली' असं लोक सरळ म्हणतात. 'फाडून का दुर्बिणीतून?' हा प्रश्न तर ऑपरेशन ठरलेल्या प्रत्येक घरात विचारला जातो.

आता मूळ शब्द. फार्सीत 'दूर' म्हणजे आपलंच दूर (संस्कृतचा आणि फार्सीचा 'दूर' हे सख्खे भाऊ आहेत) आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. लांबचं पाहणारी ती दूरबीन. फार्सीत तिची एक बहीण आहे, खुर्दबीन, म्हणजे बारीक पाहणारी. 'खुर्द' आपल्याला परका नाही. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द यांतला खुर्द तोच, धाकटा. गावांच्या नावात आपण खुर्द घेतला, पण खुर्दबीन मात्र उर्दू-हिंदीकडेच राहिली. ती आपल्याकडे आली असती तर पुढे सांगणार आहे तो अर्धा घोटाळा झालाच नसता.

या यंत्राचं इंग्रजी नाव एन्डोस्कोप. तो शब्द दोन ग्रीक शब्दांचा, अर्थ आत पाहणारा. म्हणजे युरोपने जागा सांगितली, आपण अंतर सांगितलं, आणि तेही उलट. तरी मी या शब्दाला चूक म्हणणार नाही. शब्द रुळतो तेव्हा तो व्युत्पत्ती घेऊन रुळत नाही, चित्र घेऊन रुळतो. दुर्बीण म्हटल्यावर डोळ्यापुढे येतं ते असं: एक नळी, अलीकडच्या टोकाला डोळा आणि पलीकडच्या टोकाला एरवी दिसलं नसतं असं काहीतरी. पोटात पाहण्याचं यंत्र बरीच वर्षं हुबेहूब असंच होतं. फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनीने १८०६च्या सुमारास नळीमागे मेणबत्ती ठेवून शरीराच्या आत पाहायची खटपट केली. फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउलने १८६८ मध्ये ताठ नळी जठरापर्यंत नेली, आणि ती गिळायला माणूस कुठला मिळवला, तर तलवारी गिळण्याचे खेळ करणारा! ताठ नळी घशाखाली घालायची तर मान कशी मागे टाकायची हे त्याच्याइतकं कोणाला कळणार. पुढे १९५७ मध्ये बेसिल हर्शोवित्झने अमेरिकेत काचतंतूंची वाकणारी नळी आधी स्वतः गिळून पाहिली. ज्या काचतंतूंमुळे हे जमलं, त्यांच्या जुडग्यातून चित्र नेता येतं हे १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी दाखवलं होतं. या साऱ्या काळात डॉक्टर खरोखर नळीला डोळा लावून बसत. १९८३ मध्ये नळीच्या टोकाला कॅमेऱ्याची चकती आली तेव्हा कुठे डॉक्टरांची मान सरळ झाली आणि नजर पडद्यावर गेली. म्हणजे दूरदर्शनावर! चित्र बदललं, शब्द राहिला. आजही आपण फोन 'फिरवतो' ना.

दोन्हीकडे यंत्र एकच का? नाही. पण चुलत भावंडं नक्की. पोटाची दुर्बीण मऊ असते, करंगळीएवढी जाड आणि मीटरभर लांब. मुठीजवळच्या चाकांनी तिचं टोक वर-खाली, डावी-उजवीकडे वळतं. नाकातून मेंदूच्या तळाशी नेतात ती दुर्बीण ताठ, वीतभर लांब आणि जेमतेम चार मिलिमीटर जाड. तिच्यातली काचेच्या कांड्यांची रचना १९५९ची, आणि तीही त्याच हॉपकिन्सची. वाकणारी आणि न वाकणारी अशा दोन्ही दुर्बिणींत एकाच माणसाचा हात असावा याचं मला फार कौतुक वाटतं. आणि सरमिसळीचा दोष एकट्या मराठीला देऊ नका. १९१० मध्ये शिकागोच्या व्हिक्टर लेस्पिनास या मूत्रविकाराच्या डॉक्टरने मूत्राशय तपासायची नळीच डोक्यात पाणी साठलेल्या दोन बाळांच्या मेंदूच्या पोकळीत घातली. हत्यार जिथून मिळेल तिथून उचलायचं ही रीत डॉक्टरांचीच. मग आपण शब्द उचलला तर काय बिघडलं?

हे सगळं ठीक, पण माहितीपत्रकातली ती दोन वाक्यं मला अजून खटकतात. खटकतो तो दुर्बीण शब्द नव्हे. खटकतो तिला चिकटलेला 'तून'.

मराठीत 'तून' दोन कामं करतो. 'खिडकीतून पाहिलं' यात नजर आरपार जाते. 'खिडकीतून डबा दिला' यात वस्तू आरपार जाते. 'दुर्बिणीतून गाठ काढली' यातला तून कुठला? जठराच्या बाबतीत दोन्ही. पोटाच्या दुर्बिणीच्या आत एक बोगदा असतो, तीन मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यातून चिमटा जातो, सुई जाते, विजेवर चालणारी बारीक सुरी जाते. नजरही तिथूनच आणि हत्यारही तिथूनच.

जपानात १९९०च्या दशकाच्या अखेरीस रूढ होऊ लागलेली एक पद्धत बघा. जठराच्या आतल्या अस्तरापुरताच कॅन्सर असेल, खोल उतरला नसेल, तर त्या जागेभोवती आधी ठिपके काढून हद्द आखतात. मग सुईने अस्तराखाली निळसर रंग मिसळलेलं मिठाचं पाणी सोडतात. अस्तर तेलातल्या पुरीसारखं टम्म फुगून वर येतं आणि खालच्या स्नायूपासून सुटं होतं. ठिपक्यांच्या बाहेरून कड कापायची, मग खालून सोडवत सोडवत अस्तराचा अख्खा चकदा एकसंध काढायचा. शिंप्याने कोटाचं कापड न दुखावता अस्तर उसवावं तसं. बाहेर आलेला चकदा कॉर्कच्या तुकड्यावर टाचण्या लावून ताणून ठेवतात, म्हणजे कडेपर्यंत रोग पोचला होता का हे तपासणाऱ्याला कळतं. इथे 'दुर्बिणीतून काढला' हे मराठी शंभर नंबरी. हत्यार दुर्बिणीतूनच गेलं. (कापलेला चकदा बाहेर येतो तो दुर्बिणीबरोबर, तिच्या आतून नव्हे. पण इतका कीस मी मामांपुढे काढला असता तर त्यांनी मलाच दुर्बीण घातली असती.)

पोटाला तीन-चार भोकं पाडून करतात त्या ऑपरेशनलाही आपण 'दुर्बिणीतून' म्हणतो. तिथे एका भोकातून दुर्बीण जाते आणि हत्यारं दुसऱ्या भोकांतून. ते 'दुर्बिणीने' किंवा 'दुर्बीण लावून'. मेंदूकडे वळलं की गुंता आणखी वाढतो. पीयूष ग्रंथी मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली, वाटाण्याएवढी. तिच्यातली गाठ वर वाढली की डोळ्यांच्या नसांवर दाब येतो आणि दोन्ही कडांचं दिसेनासं होतं. माणूस दाराच्या चौकटीला खांदे आपटायला लागतो. ही गाठ नाकपुडीतून, नाकामागच्या हाडाच्या पोकळीतून वाट काढून खरवडून घेतात. दुर्बीण आणि हत्यारं तिथे शेजारी-शेजारी चालतात, एक दुसरीच्या पोटातून जात नाही. म्हणून 'नाकावाटे, दुर्बिणीने'. मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळीत उतरणारी दुर्बीण मात्र पोटाच्या दुर्बिणीसारखी बोगदा असलेली, तिला 'तून' शोभतो.

आणि शेवटचा प्रकार, ज्याने सगळ्यात जास्त फसगत होते. कवटी उघडलेली असते आणि तिच्यावर हातभर अंतरावर दोन डोळ्यांचं मोठं यंत्र टांगलेलं असतं. तो सूक्ष्मदर्शक. मेंदूच्या ऑपरेशनांत तो १९५७ पासून आला, हर्शोवित्झने नळी गिळली त्याच वर्षी. नातेवाईक बाहेर येऊन सांगतात, 'दुर्बिणीतून झालं.' ऐकणाऱ्याला वाटतं बारीकसं भोक पाडलं असेल, आणि पाहायला जावं तर डोक्याला या कानापासून त्या कानापर्यंत टाके. खोटं कोणी बोललेलं नसतं. डॉक्टरांनी पाहिलं दुर्बिणीतूनच. तून नजरेचा होता, आपण तो हत्याराचा समजलो. खुर्दबीनची उणीव भासते ती इथे.

तेव्हा दुर्बीण बिनधास्त वापरा, फक्त तिला वाट जोडा. तोंडावाटे दुर्बीण, शौचाच्या वाटेने दुर्बीण, नाकावाटे, पोटाला भोकं पाडून, कवटी उघडून वरून. 'वाटे' हा शब्द जुना आहे, घरचा आहे आणि इथे नेमकं काम करतो. 'द्वारे'ने फारसं साधत नाही. पत्रकवाल्यांना तो भारदस्त वाटतो इतकंच.

प्रश्नात विचारलेलं नाही, पण त्या दोन वाक्यांत 'गाठ'ही आहे, म्हणून तिच्याविषयी थोडं. ग्रंथीपासून आलेला हा शब्द आपण काखेतल्या अवधाणापासून प्लेगपर्यंत सगळ्याला वापरला. सुश्रुताने ग्रंथी आणि अर्बुद वेगवेगळे सांगितले आहेत. आपल्या बोलण्यातला अर्बुद गेला आणि ट्यूमर आला. 'गाठ'ला माझी हरकत एकाच ठिकाणी आहे. जठराचा सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा गाठ नसतोच. तो असतो सपाट, किंचित लालसर, कधी जरासा खोलगट चट्टा. वर सांगितलेली अस्तर उसवायची पद्धत अशा चट्ट्यांसाठीच आहे. 'गाठ नाही म्हणाले, म्हणजे कॅन्सर नाही' असं समाधान लोक करून घेतात, त्यात या शब्दाचा वाटा आहे. तिथे 'चट्टा' लिहावं. उलट पीयूष ग्रंथीची गाठ खरीखुरी गाठ असते, पण बहुतेकदा कॅन्सर नसते. आतड्यातल्या पॉलिपला, म्हणजे अस्तरातून वर आलेल्या वाढीला, 'कोंब' म्हणणंही मी टाळतो, कारण कोंब आणि मोड मूळव्याधीने आधीच बळकावलेत. 'मोठ्या आतड्यात कोंब निघाला' म्हटलं की ऐकणारा सुरणाची भाजी सुचवून मोकळा होतो, आणि काढून टाकायला हवा होता तो पॉलिप जागच्या जागी राहतो.

मामांच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. अन्ननलिका खालच्या टोकाला आवळली होती, दुर्बिणीतूनच फुगा घालून ती रुंद केली. 'तुकडा' तपासायला पाठवला म्हटल्यावर मामी धास्तावल्या होत्या. त्यांना वाटलं पोटाचा केवढा भाग कापला. तो असतो तिळाएवढा.

राहिलं शुद्धलेखन. दुर्बीण, बी दीर्घ. प्रत्यय लागला की उपान्त्य ऱ्हस्व होतो: दुर्बिणीतून, दुर्बिणीने. जमीन-जमिनीत, गरीब-गरिबाला, तसंच. पाट्यांवरचं 'दुर्बिण' हे सामान्यरूप पाहून उलटं बेतलेलं रूप आहे, ते चूक. ण आपण घातला, निशानचं निशाण केलं तसा. मामांच्या फायलीवर कोणीतरी पेनाने 'दूरबीन ता. १४' असं लिहून ठेवलं होतं. मराठी म्हणून ते चूकच. फार्सी म्हणून बिनचूक.