पहिला सर्व्हर घेतोयस? आधी बॅकअपचं बघ

अरे, वीस जणांच्या ऑफिससाठी एक सर्व्हर आणि त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, चालवणारं सॉफ्टवेअर), हा विचार एकदम बरोबर आहे, जमेल तुला. क्लस्टर (अनेक सर्व्हर एकत्र जोडणं) वगैरे आत्ता डोक्यातून काढून टाक, ते वर्षभराने बघू.

१. स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची साठवलेली स्थिती, हा बॅकअप नव्हे. नवीन माणूस हमखास इथेच फसतो. स्नॅपशॉट साधारण त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेलं. रेडचंही (एकच डेटा एकाहून जास्त डिस्कवर ठेवायची पद्धत) तेच, एक डिस्क उडाली तर काम चालू राहतं, पण कोणी फाइल डिलीट केली तर ती सगळीकडूनच जाते.

२. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या मीडियावर, एक ऑफिसबाहेर. आणि एक तरी कॉपी नेटवर्कपासून सुटी ठेव. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आल्यावर मी गेलो होतो, टॅलीच्या सगळ्या फाइलींना भलतंच एक्स्टेन्शन लागलेलं, आणि बॅकअपची यूएसबी डिस्क सर्व्हरलाच लावलेली, म्हणजे तीही लॉक. अकाउंट्सच्या ताई बिलांचे गठ्ठे घेऊन वर्षभराच्या एंट्र्या परत मारत बसल्या होत्या, बघवत नव्हतं.

३. महिन्यातून एकदा बॅकअप नवीन व्हीएममध्ये रिस्टोर कर, टॅली उघड, कालची एंट्री दिसते का बघ.

रिमोट डेस्कटॉप (दुरून सर्व्हर चालवायची सोय) थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नकोस, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित मार्ग) लाव. अपडेट पण टाळू नकोस, वॉनाक्राय हा रॅन्समवेअर मे २०१७ मध्ये पसरला तेव्हा त्याला रोखणारा पॅच (त्रुटी बुजवणारा अपडेट) मार्चमध्येच आलेला होता.

रॅम किती घेतोयस ते सांग, किती व्हीएम बसतील ते बघू.