पहिल्या गाण्यावर बँड जोखू नका

प्रश्न : यंदाही आम्ही एका मोठ्या संगीत महोत्सवाची तिकिटं काढली आहेत. गेल्या वेळी तीन मंचांमध्ये नुसती पळापळ झाली. बँड भरपूर पाहिले, पण घरी आल्यावर एकही गाणं धड आठवेना. ताई, तुम्ही इतकी वर्षं साउंड इंजिनिअर म्हणून काम करताय. तुमच्या कायमचा लक्षात राहिलेला असा एखादा दिवस सांगाल का? आणि तसा दिवस आमच्याही वाट्याला यावा म्हणून काय करावं?

उत्तर : आधी त्या दिवसाचं सांगते. एरवी मी मिक्सरच्या, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र जुळवणाऱ्या यंत्राच्या, मागे उभी असते. त्या दिवशी काम नव्हतं, म्हणून तिकीट काढून, साधी श्रोता म्हणून गेले होते. रात्री मोठ्या मंचावर नावाजलेली मंडळी होती. मला ओढ होती ती भर दुपारी, धाकट्या मंचावर वाजवणाऱ्या एका बँडची. चौघंच जण : गाणारी मुलगी, गिटार, बेस (खर्जातली गिटार) आणि ड्रम्स.

आधीचा बँड उतरायच्या आतच मी जाऊन जागा धरली. एक बँड उतरून दुसरा चढेपर्यंतचा वेळ, म्हणजे चेंजओव्हर, बहुतेक लोक इकडेतिकडे फिरण्यात घालवतात. मला त्याची फार हळहळ वाटते. ड्रमर येतो आणि एकेक ड्रम सुटा वाजवून दाखवतो. किक, किक, किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम. मग स्नेअर, कडक आवाजाचा छोटा ड्रम. मग बेसवाल्याचे चार स्वर. नंतर गाण्यात जे सगळं एकत्र अंगावर येणार असतं, त्याचा एकेक धागा आपल्याला आधीच वेगळा ऐकायला मिळतो. ज्याचा कान तयार व्हायचाय त्याच्यासाठी ही फुकटची शिकवणीच आहे.

याला लाइन चेक म्हणतात. महोत्सवात पूर्ण साउंडचेक सहसा मोठ्या नावांच्याच वाट्याला येतो. बाकीच्यांसाठी प्रत्येक माइकचा आणि वायरचा आवाज मिक्सरपर्यंत पोचतोय की नाही, एवढंच पाहिलं जातं. मग सगळ्या आवाजांचा मेळ बसवायचा कधी? पहिल्या गाण्यात, लोकांच्या देखत.

त्या दुपारीही तेच झालं. पहिल्या गाण्यात बेस सगळीकडे घुमत होता आणि गाणारीचे शब्द त्यात पार बुडाले होते. बरेच लोक उठून मोठ्या मंचाकडे निघाले. मी मात्र तिच्या हाताकडे बघत होते. तिनं आधी पायाशी ठेवलेल्या मॉनिटरकडे, म्हणजे तिचा आवाज तिलाच ऐकवणाऱ्या स्पीकरकडे, बोट केलं, मग तेच बोट वर. म्हणजे, माझा आवाज मला ऐकू येत नाहीये, वाढवा. दुसऱ्या कडव्याला परत तीच खूण. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज आला नाही की तो गळा ताणतो, आणि ताणलेल्या गळ्यातून सूर हमखास ढळतो. इकडे मिक्सरवरच्या माणसानं बेसचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढला नाही, नुसता त्याच्या खर्जातला घुमारा कापला. फार शहाणा निर्णय होता तो. बेस जिवंत राहिला आणि त्याच्या वर गळ्याला जागा झाली. तिच्या मॉनिटरचंही मार्गी लागलं असावं, कारण तिसऱ्या कडव्याला तिचं बोट वर गेलं नाही. इतका वेळ वर चढवून धरलेले खांदे खाली आले.

तिसऱ्या गाण्यात गिटार मध्येच थांबली. ड्रमरनं दोन्ही काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या. उरला फक्त बेस आणि तिचा आवाज, आणि त्या आवाजातला श्वास घेतल्याचा बारीक नादसुद्धा सगळ्यांत मागच्या श्रोत्यापर्यंत पोचत होता. दहा मिनिटांपूर्वी याच स्पीकरांतून कालवा ऐकू येत होता. उठून गेलेल्या माणसांना बँड वाईट वाटला असणार. वास्तविक त्यांनी बँड ऐकलाच नव्हता, मेळ बसवण्याची खटपट तेवढी ऐकली होती. रात्रीचे मोठे बँड छानच झाले, पण त्या दिवसाचं म्हणून जे मनात राहिलं ते हे.

म्हणून तुम्हाला माझा आग्रह आहे : तीन-चारच बँड निवडा आणि प्रत्येकाचा पूर्ण सेट ऐका, चेंजओव्हरसकट. किमान तिसऱ्या गाण्यापर्यंत जागा सोडू नका. वेळापत्रकही फार घट्ट धरून चालू नका. ऑगस्ट 1969 मधल्या अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवाचा शेवट रविवारी रात्री गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं करायचा होता. पाऊस आणि खोळंब्यामुळे तो मंचावर आला सोमवारी सकाळी, आणि तोवर बहुतांश गर्दी घरी गेली होती. जे थांबले त्यांनी काय ऐकलं, याबद्दल लोक आजही बोलतात.

उभं कुठे राहायचं? मिक्सरचा तंबू शोधा आणि त्याच्या थोडं पुढे, मधोमध थांबा. इंजिनिअर तिथल्या कानांनी मेळ बसवत असतो, त्यामुळे तिथे ऐकू येतं ते त्याच्या मनातल्या आवाजाच्या सगळ्यांत जवळचं. अगदी कठड्यापाशी बेसचा मारा जास्त आणि गळा कमी असं बऱ्याचदा होतं. फार मागे गेलात तर डोळे आणि कान वेगळे पडतात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणजे 100 मीटरवरून ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका पाव सेकंदाहूनही उशिरा येतो. मोठ्या मैदानात मध्येच स्पीकरचे मनोरे असतात, त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची थंड असते, त्यामुळे ध्वनी वरच्या बाजूला वळतो आणि लांबच्या माणसाला क्षीण ऐकू येतो. सूर्य मावळून जमीन निवली की उलटं होतं, ध्वनी खाली वळतो आणि लांबवर पोचतो. तेव्हा दुपारचा बँड जवळून ऐका. रात्री थोडं मागे सरकलात तरी चालेल.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच अशा महोत्सवाला नेतोय. कानांची काळजी कशी घ्यावी?

उत्तर : दोघांनीही इअरप्लग घाला, आणि ते स्पीकरसमोर गेल्यावर नाही, तर आधीपासूनच. कामाच्या ठिकाणांसाठी एक मोजमाप वापरतात : 85 डेसिबल आवाजात आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला ती मर्यादा उरते फक्त 15 मिनिटं, आणि मोठ्या मंचापुढे तेवढा आवाज सहज असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, शिवाय कानांना विसावा देणारी शांत जागा असावी असंही म्हटलं.

फोमचे साधे प्लग कान वाचवतात, पण वरच्या पट्टीतले आवाज जास्त खातात, त्यामुळे गाणं दबल्यासारखं वाटतं. वादक वापरतात ते फिल्टरवाले प्लग सगळे आवाज जवळपास सारखेच कमी करतात. मुलीसाठी तेच घ्या. गाणं नीट ऐकू आलं तरच ती ते कानात ठेवेल. बँड बदलताना तिला स्पीकरपासून लांब न्या. कानात शिट्टी वाजल्यासारखं होतंय असं ती म्हणाली, तर त्या दिवसापुरतं मंचाजवळ जाणं थांबवा. दुसऱ्या दिवशीही ती शिट्टी राहिली, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.