विज्ञानाची शिक्षिका स्वतः ग्रहण पाळते, मग ती मुलांना विज्ञान कसं शिकवणार?

तुमची मैत्रीण एमएस्सी फिजिक्स, आता बीएड करतेय आणि तरी ग्रहणात सुरीला हात लावत नाही, अशांनी शिकवावं का असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात बीएडला विज्ञानाची मेथड शिकवते, अशा मुली दरवर्षी असतात, माझं उत्तर आहे जरूर शिकवावं, पण आधी तिच्याशी कुणीतरी नीट बोला.

२५ ऑक्टोबर २०२२ चं सूर्यग्रहण आठवतंय? लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य ग्रासलेलाच मावळला होता. सुट्टीच्या आधी माझ्या एका छात्राध्यापिकेने टॉर्च आणि बॉल घेऊन ग्रहणाचा फार सुंदर पाठ घेतला होता, आणि नंतर कळलं की त्या संध्याकाळी ती खोलीबाहेर आलीच नाही, पाचवा महिना होता. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, काही होत नाही हे मला माहितीये हो, पण बाळाचा ओठ फाटका निघाला तर सगळे मलाच बोलणार." आता याला अज्ञान कसं म्हणू? तिला भीती बोल लागण्याची आहे, आणि त्यावर सावलीची आकृती काढून काय उपयोग.

देवाचं वेगळं आहे. पाठाच्या दिवशी गणपतीला जाऊन येणारे खूप, त्याने शिकवायला काही अडत नाही. शनिवारवाड्यात 'काका मला वाचवा' ऐकू येतं हेही हॉस्टेलवर रंगवून सांगतात, पण त्यावरून कुणी आयुष्याचे निर्णय घेत नाही. पत्रिकेवरून घेतात, म्हणून मी तिथे जास्त वेळ देते. जयंत नारळीकर, दाभोलकर वगैरेंनी २००८ मध्ये केलेली चाचणी सांगते, १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०, कुठली कोणाची ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढंच. आकडे सांगायच्या आधी अंदाज लिहून घेते. मग जे चिडतात ते म्हणतात ज्योतिषीच कच्चे असतील, ४० पत्रिका कमी आहेत, आणि नमुना केवढा हवा यावर जी भांडणं होतात ती पुस्तकातल्या धड्याने कधीच झाली नसती.

त्या मुलीने नंतर सातवीच्या वर्गात स्वतःहून सांगितलं, मी ग्रहणात घरात बसले, घरच्यांसाठी, बाळाचा आणि सूर्याचा काही संबंध नाही. लगेच चार-पाच मुलं आपापल्या घरी काय पाळतात ते सांगायला लागली.